वहीत नसलेली पद्धत

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कुणाशी मी का बोलत नाही, कशावरून माझं डोकं फिरतं — सगळं. हे एक सोडून. वीस वर्षं होत आली, आणि ही एक गोष्ट मी तिच्यापासून, पोरांपासून, बरोबरच्या मास्तरांपासून दाबून धरलीय. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. वाचता वाचता तुम्ही तोंड वाकडं करून उठून गेलात, तरी मला ते दिसणार नाही — म्हणूनही असेल.

तर — मी खेळाचा मास्तर. ढोकीच्या बाजूला एका शाळेत अख्खी नोकरी गेली. मुलींना खो-खो शिकवला. आमच्याकडं खो-खोचं वेड काय आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. सोयरीक जुळवताना 'पोरगी संघात होती का' म्हणून विचारणारी माणसं मी बघितलीत. माझं नाव कुणाच्या लक्षात नसेल, पण 'ते जर्मनवाले सर' म्हटलं की कळंबपासून तुळजापूरपर्यंत कुठलाही मास्तर मान हलवतो. लई कडक माणूस, म्हणतात. कौतुकानं म्हणतात हो! कडक कसला — मारकुटा होतो मी. शब्द नीट वापरायला हवेत ना? निदान आज तरी.

हे जर्मन प्रकरण काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तरुणपणी मला उत्तरेकडं सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जिल्ह्यातून मी एकटा. तिथं एक म्हातारा जर्मन प्रशिक्षक आला होता. तो मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, एक सरदारजी त्याचं हिंदी करायचे, आणि मी ते मराठीत वहीत उतरवून घ्यायचो. त्याच्याकडं एक लाकडी खोकं होतं, त्यावर बल्ब. खेळाडूला समोर उकिडवं बसवायचं. बल्ब कधी लागेल ते त्याला माहीत नाही. लागला की उसळी मारून उठायचं, आणि उठायला किती वेळ लागला ते घड्याळ दाखवायचं. बस्स, एवढंच. बघणाऱ्याला पोरखेळ वाटावा. मी मात्र येडाच झालो. कारण खो-खोत सगळा जीव तिथंच आहे — आठ जणी रांगेत आपापल्या चौकोनात बसलेल्या, नववी पळतेय. ती मागून येते, पाठीवर थाप देते, 'खो' म्हणते, आणि बसलेलीनं पापणी लवायच्या आत उठायचं. उठायला उशीर झाला की पुढं पळणारी, समोरच्या संघातली पोरगी हातातून गेली.

त्या म्हाताऱ्यानं अजून एक गोष्ट सांगितली होती. दोनदा सांगितली होती. मी ती लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. 'भ्यालेला स्नायू उशिरा उठतो. खेळाडू घाबरला की सराव बंद करा.' माझ्याच अक्षरात होतं हे. हे ध्यानात राहू द्या.

परत आलो, तर मैदानात बल्ब लावायचा कुठं? भारनियमन इतकं, की वर्गातला पंखा फिरला तरी पोरं टाळ्या पिटायची. मग माझ्या डोक्यात आलं — खो तर पाठीवरच देतात की! मग बल्बचा इशाराही पाठीवरच का देऊ नये? आधी हातानं द्यायचो. आठ जणींच्या मागं पळून हात पोचेना, म्हणून निरगुडीचा फोक घेतला. हळूच लावायचो. खरंच हळूच — पहिले पंधरा दिवस.

पण हळूच लावला की पोरी आरामात उठायच्या. जोरात बसला की ताडकन उठायच्या. गळ्यात स्टॉपवॉच. मी आकडे बघायचो, खूश व्हायचो, अजून जोरात मारायचो. पोरींच्या पाठीला वळ, आणि मी वहीत वेळ लिहितोय. फोक मोडायला लागले तेव्हा मी ट्रॅक्टरच्या पंख्याचा जुना पट्टा मिळवला. हातभर तोडून घेतला, एका टोकाला फडकं गुंडाळलं. रबराचा, आत सुतळीची वीण. तुम्ही कधी हातात घेतलाय का? जड असतो. हवेत फिरवला तरी सुंई आवाज येतो. नुसत्या त्या आवाजानं पोरींच्या माना आत जायच्या.

आणि इथं मला जरा थांबू द्या. कारण पुढचं वाक्य लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

मला मजा यायची.

हो. मजा. रांगेमागनं सावकाश चालायचं, कुणाला बसणार ते कुणालाच माहीत नाही, आठ पाठी ताठरलेल्या — आणि सगळं माझ्या हातात. घरी माझं कोण ऐकत होतं? मुख्याध्यापक शिपायासारखं वागवायचे. सकाळी तासभर मैदानावर मात्र माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. मारून झालं की मला भूक चांगली लागायची. हे मी देवाला सुद्धा कधी बोललो नाही.

आणि संघ जिंकत होता ना! तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, विभागात गेला. दुसऱ्या शाळांचे मास्तर बघायला यायचे. पहिल्या वेळी एकानं विचारलं, "सर, हे काय, पट्ट्यानं?" आणि माझ्या तोंडून पटकन गेलं — जर्मन पद्धत. जर्मन म्हटल्यावर पुढं कोण विचारणार? मग मी सगळ्यांना तेच सांगू लागलो. पालकसभेत सांगितलं. पाठीवर आघात, मेंदूला झटका, शास्त्र आहे त्यामागं — काय वाट्टेल ते फेकलं. हळूहळू दुसऱ्या मैदानांवरही पट्टे आले. माझ्या नावानं, त्या म्हाताऱ्याच्या नावानं. त्या बिचाऱ्यानं खेळाडूच्या खांद्यालाही कधी जोरात हात लावलेला मी बघितला नव्हता.

आता वनिताबद्दल सांगतो. नववीत होती. तिचे वडील, बळीरामभाऊ, कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. मघाशी म्हटलं ना, पट्टा मिळवला — तो त्यांनीच दिला. मी मागितला, कशाला ते सांगितलं नाही. त्यांनी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला. अजून काय लागलं तर सांगा सर, म्हणाले. वनिता माझी सगळ्यात चांगली खेळाडू. चिपाडासारखी बारीक, पण उठायची ती अशी, की बघत राहावं. आणि गंमत सांगू? पट्टा नव्हता तेव्हाही ती तितक्याच वेळात उठायची. माझ्याच वहीत तिच्या वेळा आहेत. पट्ट्यानं तिच्यात काडीचाही फरक पडला नव्हता. तिला पोलिसात जायचं होतं. राज्याच्या संघात एकदा नाव लागलं की खेळाडू म्हणून भरतीत जागा मिळते, हे तिला पाठ होतं. वर्दी घालून ढोकीच्या बाजारातनं चालत जाणार, असं ती मैत्रिणींना सांगायची.

मास्तर लोकांनी माझ्याकडं पद्धत लिहून मागितली, तेव्हा मी तिला वही दिली. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी खुणा करून दिल्या होत्या — हे पान उतरव, हे सोड, आणि हे माझं नवं पान मध्ये घाल. नव्या पानावर पट्टा होता. पण पोरगी हुशार. सोडलेली पानंही तिनं वाचली. मूर्ख मी. मला वाटलं, नववीतली पोरगी सांगितलं तेवढंच करंल.

राज्य संघाची निवड बारा दिवसांवर होती. उस्मानाबादला — तेव्हा उस्मानाबादच म्हणायचे. सकाळचे सात वाजले असतील. आठ जणी बसलेल्या. मी रांगेमागनं आलो आणि वनिताच्या पाठीत एक दिला. ती उठली नाही. मला वाटलं, नीट लागला नाही. दुसरा दिला. ती तशीच बसलेली. मागं न बघता म्हणाली, "सर, वहीत तर असं न्हाय. वहीत बत्ती हाय."

उर्मटपणानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती. जणू माझी बेरीज चुकली होती आणि ती मला हळूच दाखवून देत होती. बाकीच्या सात जणींनी ऐकलं. मी माझ्या पोरींसमोर उघडा पडलो — नववीतल्या पोरीच्या एका वाक्यानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मारत सुटलो. पाठीत, खांद्यावर, दंडावर. तिनं दोन्ही हातांनी जमीन धरून ठेवली होती. सदरा पाठीवर फाटला, तरी माझा हात चालूच. किती मारले ते मी मोजले नाहीत; शेजारच्या चौकोनातल्या छायानं मोजले होते — अकरा. पुढं कधीतरी तिनंच मला सांगितलं, अगदी सहज, जसे गुण सांगावेत तसे. अकराव्याला वनितानं मान वळवली. माझ्याकडं बघायला. पट्ट्याचं टोक तिच्या डाव्या कानावर बसलं. ती आडवी झाली, कानातनं रक्त आलं, आणि मी — ऐका — मी बारावा उगारला होता. छाया किंचाळली म्हणून थांबलो. आपण होऊन नाही थांबलो.

रागाच्या भरात हात सुटला, असं मी कैक वर्षं मनाशी घोकत आलो. खोटं आहे ते. राग दोन-तीन फटक्यांतच सरला होता. पुढचे शांत डोक्यानं मारले. ती उठावी म्हणूनसुद्धा नाही मारले. बोललेलं तिनं मागं घ्यावं म्हणून मारले. तिनं घेतलं नाही.

मग मी काय केलं? पाणी मारलं, कानाला रुमाल लावला, फाटक्या सदऱ्यावर दुसरा चढवायला लावला आणि एका शिक्षिकेबरोबर तिला डॉक्टरकडं पाठवलं — पळताना खांबावर आपटली, असं सांगून. खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना खांब असतात, पोरी आपटतातही. कुणाला खोटं वाटलं नाही. आणि उरलेल्या सात जणींना मी ऑफिसात नेलं. तिथं आई भवानीची तसबीर, पुढं कुंकवाची वाटी. एकेकीला चिमटीत कुंकू धरायला लावून वदवून घेतलं — वनिता खांबावर आपटली, आईची आण. आमच्या भागात आईची आण म्हणजे काय ते तुम्हाला सांगू? खोटी खाल्ली तर घरादारावर येतं, ही भीती पोरींच्या हाडात असते. मी नेमका तिथंच हात घातला. एकजण म्हणाली, सर, नको. मी फक्त तिच्याकडं बघितलं. तिनंही घेतली. छायाच्या चिमटीतलं कुंकू घामानं भिजून टेबलावर ठिबकलं, ते मी माझ्या बाहीनं पुसलं.

वनिताकडनं आण घेतली नाही. तिच्यासमोर जायची माझी छाती झाली नाही. आणि तिनं घरी काय सांगितलं म्हणता? काहीच नाही. का नाही, ते मला आजही कळलेलं नाही. बापाला वाईट वाटेल म्हणून? पट्टा त्यांचाच होता म्हणून? का मी अजून संघात घेईन, अशी तिला आशा होती म्हणून?

इथपर्यंत मी मारकुटा. आता भेकड कसा ते ऐका. डॉक्टरांनी सांगितलं होतं — कानाचा पडदा फाटलाय, सोलापूरला दाखवा, आजच्या आज. बळीरामभाऊ संध्याकाळी माझ्याकडं आले. डोक्याची टोपी हातात. पोरीचा कान दाखवायचा की नाही, हे तो बाप मला विचारायला आला! कारण मी सर. मी शिकलेला. "सोलापूरला न्यावं का, सर? तुम्ही सांगचाल तसं."

मला एवढंच दिसत होतं — सोलापूरचा डॉक्टर कानाबरोबर पाठही बघणार. पाठीवर वळच वळ. खांब इतक्या वेळा कसा लागला, असं विचारणार. पोलीस, नोकरी, पेपरात नाव. मी हसलो बघा. हसून म्हणालो, "कशाला दगदग करता भाऊ? कापूस घाला, पाणी जाऊ देऊ नका. आठ दिवसांत भरून येतंय."

त्यांनी माझं ऐकलं. कानात पू झाला, ताप आला, तरी आठ दिवस वाट बघितली, आणि वर अजून आठ दिवस. शेवटी सोलापूरला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, इतके दिवस काय करत होता? डाव्या कानानं तिला पुन्हा काही ऐकू आलं नाही.

त्या मधल्या दिवसांतच निवड झाली. वनिता आली होती, कानात कापूस, अंगात कणकण, हट्टानं आली होती. मैदानात आरडाओरडा. पाठीवरची थाप तिला कळायची, पण 'खो' ऐकू येण्याआधी उठलं की चूक धरतात, म्हणून ती घुटमळायची. एक क्षणभर. निवड समितीत चौघे होतो, त्यातला एक मी. बाकीचे म्हणाले, पोरगी आजारी दिसतेय, हिचं आधीचं काम चांगलं आहे, तुमचं काय मत, सर? तुमचीच खेळाडू. एक शब्द बोललो असतो तरी तिचं नाव लागलं असतं. पण राज्याच्या शिबिरात डॉक्टरी तपासणी असते. मग मी कागद पुढं ओढला आणि तिच्या नावापुढं लिहिलं — प्रतिसाद मंद. माझ्या हातानं. अक्षर चांगलं काढलं.

मारलं ते एकदा. हे मात्र बसून, खुर्चीत, पेनानं केलं. तुम्हीच सांगा, कुठलं मोठं? नको, सांगू नका.

तिनं खेळ सोडला. पुढं पोलीस भरतीला अशीच जाऊन बघितली, तर कानावर अडली. लग्न होऊन बार्शीकडं गेली. मध्ये एकदा ढोकीच्या स्टँडवर दिसली, कडेवर लेकरू. कुणाशी बोलताना उजवी बाजू पुढं करत होती. मी पाच-सहा पावलांवर उभा. बोलावं असं वाटलं — म्हणजे, बोलायला गेलो असं नंतर स्वतःला सांगता यावं, असं वाटलं. मी तिच्या डाव्या बाजूला गेलो आणि हळू आवाजात 'वनिता' म्हटलं. डाव्या बाजूला. समजून उमजून. तिनं वळून बघितलं नाही. मी सुटल्यासारखा येरमाळ्याच्या गाडीत चढलो. मला येरमाळ्याला जायचंही नव्हतं.

हे सगळं असंच आतल्या आत गेलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी कळंबहून बोलावणं आलं. छाया तिथं मुलींचा संघ घडवते, नाव काढलंय तिनं. सरांचा सत्कार करायचा, म्हणाली. गेलो. शाल, नारळ, पालक खुर्च्या टाकून बसलेले. मग सराव दाखवायचा म्हणून आठ पोरी चौकोनात बसल्या, आणि छायानं पिशवीतनं पट्टा काढला. तसाच. एका टोकाला फडकं.

पालकांना म्हणाली, ही जर्मन पद्धत. सरांनी आपल्या जिल्ह्यात आणली. आणि माझ्याकडं बघितलं. तिनं वनिताचं वाक्य ऐकलं होतं. फटके मोजले होते. आईची आण घेतली होती. वहीत काय आहे ते त्या मैदानावर दोघांनाच माहीत होतं — तिला आणि मला. ती का बघत होती माझ्याकडं? मी थांबवावं म्हणून? का तिला घ्यायला लावलेली आण मीच मोडतोय का ते बघायला?

तिनं पट्टा फिरवला. पहिली पोरगी चांगलीच कळवळली. फाडकन आवाज आला, तसे पालक चुळबुळले. एक बाई अर्धवट उठली, तिचीच लेक असावी. मीही खुर्चीतनं उठलो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी छायाजवळ गेलो. आता सांगतो, असं माझ्या मनात होतं — खरंच होतं. आणि मी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणालो, "मनगट सैल सोड. लागतं तेवढंच, पण आवाज होत नाही."

तिनं मान हलवली. मनगट सैल सोडलं. दुसऱ्या पोरीच्या पाठीत बसला, ती ताडकन उठली, आणि पालकांना काही ऐकू गेलं नाही. ती बाई परत खाली बसली. मीही जाऊन माझ्या खुर्चीत बसलो आणि टाळ्या वाजवल्या.